‘सस्टेनेबल बिल्डिंग’ला मुलं पाठवणाऱ्या सल्लागारांना खुले पत्र

परदेशी शिक्षण सल्लागार केंद्रांचे संचालक आणि समुपदेशक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी औसा तालुक्यातली. पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, काही काळ एका बांधकाम कंपनीत साइटवर काम केलं आणि आता जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातल्या एका सरकारी हॉखशूलमध्ये, म्हणजे उच्चशिक्षण संस्थेत, शाश्वत बांधकाम या विषयात मास्टर्स करते आहे. शेवटचं सेमेस्टर चालू आहे. हे पत्र तुमच्यापैकी कुणा एकाला नाही. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, लातूर, नागपूर अशा शहरांत पाटी लावून मुलांना परदेशी पाठवणाऱ्या सगळ्यांना आहे. तुमच्या टेबलासमोर मुलीला घेऊन बसणाऱ्या आईवडिलांनीही ते वाचावं, म्हणून जाहीर लिहिते आहे.

निमित्त झालं एका पत्रकाचं. माझ्या मावसबहिणीला एका शैक्षणिक मेळाव्यात ते मिळालं आणि तिने मला फोटो पाठवला. वर हिरव्या वेलींनी झाकलेल्या उंच इमारतीचं चित्र आणि खाली मजकूर : ‘एमएस्सी सस्टेनेबल बिल्डिंग, जर्मनी. फी शून्य. जर्मन भाषेची गरज नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालेल. शिकता शिकता कमवा. कोर्स संपताच नोकरी आणि पीआर.’ तिचे वडील शेतकरी आहेत. त्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, ‘हे खरं असेल तर जमीन तारण ठेवू का?’

त्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना दिलं. तुम्हाला मात्र जाहीरपणे द्यायला हवं.

हा विषय मला एवढा जिव्हाळ्याचा का आहे, ते आधी सांगते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण आमच्या भागात कुठल्याही घराची गोष्ट तिथूनच सुरू होते. हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. ‘मातीनं माणसं मारली’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. साइटवर काम करताना आणि मग वाचताना कळत गेलं की भिंती पडल्या त्या त्यांच्या बांधणीमुळे. दगडाचे दोन पदर, मध्ये भर, आणि दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड नाहीत. त्यावर माळवद, आणि गळू नये म्हणून वर्षानुवर्षं चढवलेले मातीचे थर. छपराचं वजन वाढत गेलं, भिंतीला बांध नव्हताच. मातीचं घर भूकंपात तगावं म्हणून कसं बांधायचं याचं भारतीय मानक, आयएस 13827, त्याच 1993 साली निघालं. आमच्या गावात ते कुणाच्या कानावर आलं नाही. लोकांनी माती सोडली आणि जमेल तसा स्लॅब टाकला.

त्या स्लॅबखाली मे महिन्यात कसं राहतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री ती उष्णता खाली सोडतं. संध्याकाळी आई गच्चीवर गोणपाटं अंथरून पाणी मारते, आणि पाणी महाग झालं की तेही बंद होतं. आजी मात्र जुन्या घराची जी एक पडवी उरली आहे तिथेच झोपते. भूकंपात टिकेल आणि उन्हाळ्यात निववेल अशी मातीची भिंत हिशोबाने, गणिताने बांधता येते का, एवढं मला शिकायचं होतं. जर्मनीत वाइलबुर्ग गावी 1820 च्या दशकात बांधलेली सहा मजली मातीची इमारत आजही उभी आहे. बर्लिनमध्ये 2000 साली ठोकलेल्या मातीचं प्रार्थनागृह झालं, डार्मश्टाटमध्ये 2019 साली मातीच्या भिंतींचं मोठं कार्यालय झालं. आणि मातीच्या विटांच्या भारवाही भिंतीसाठी डिन 18940 हे मानक 2023 मध्ये आलं. ज्या देशात मातीला मानक आहे तिथे जाऊन शिकावं म्हणून मी इथे आले. तुमच्या पत्रकात यातलं काहीच नाही. तिथे आमचा विषय परदेशात शिरण्याची एक वाट म्हणून छापला आहे, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते.

पहिली तक्रार ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर चालेल’ या वाक्याची. ते खोटं आहे. जर्मन विद्यापीठं पदवीचं नाव बघून थांबत नाहीत, आत काय शिकलात ते बघतात. सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा तत्सम शाखा, त्यात बांधकाम भौतिकी, संरचना, गणित यांचे ठराविक क्रेडिट, असं प्रत्येक कोर्सच्या प्रवेशनियमांत लिहिलेलं असतं. काही हॉखशूलमध्ये मास्टर्स तीनच सेमेस्टरची असते आणि तिथे आधीच्या पदवीला 210 क्रेडिट लागतात. हे न बघता बीबीए झालेल्या मुलाचा अर्ज तुम्ही भरता. युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेला पहिल्या अर्जाचे 75 युरो आणि त्यापुढच्या प्रत्येकाचे 30 युरो जातात आणि नकार आला तरी ते परत मिळत नाहीत. शिवाय नोव्हेंबर 2022 पासून भारतीय पदव्यांची जर्मन दूतावासाच्या एपीएस या केंद्राकडून पडताळणी करून घ्यावी लागते, तिची फी 18,000 रुपये. माझ्या वर्गातल्या एका मुलीकडून एका केंद्राने ‘एपीएस पॅकेज’ म्हणून याच्या दुपटीहून जास्त पैसे घेतले होते. फॉर्म तिनेच भरला, कागदपत्रं तिनेच पाठवली.

आणि ज्यांना प्रवेश मिळतो त्यांनाही तुम्ही विषयाची कल्पना देत नाही. वेली, सोलर पॅनेल, गच्चीवरची बाग असं चित्र डोक्यात घेऊन मुलं येतात. पहिल्याच सेमेस्टरला समोर येतं ते भिंतीतून उष्णता किती वेगाने जाते याचं गणित, बाष्प भिंतीत कुठल्या थराला जाऊन पाणी होईल याचा हिशोब, आणि इमारतीच्या जन्मापासून पाडकामापर्यंत किती कार्बन निघतो याचा ताळेबंद. त्यासाठी इथे ओकोबाउडाट नावाची सरकारी माहितीसूची आहे. सिमेंटपासून लाकडी तंतूंच्या पाटीपर्यंत एकेका मालाचा कार्बन त्यात लिहिलेला असतो आणि तुम्हाला अख्खी इमारत त्यातून मोजून काढायची असते. मला हे सगळं मनापासून आवडलं. पण ‘गणिताची भीती वाटते ना, मग हा सॉफ्ट कोर्स घे’ असं सांगून ज्याला पाठवलं, तो मुलगा दुसऱ्या सेमेस्टरला रडकुंडीला येतो. जर्मनीत बहुतेक ठिकाणी एखादा पेपर ठराविक वेळाच देता येतो. शेवटच्या संधीतही नापास झालं तर त्या कोर्सचं दार बंद होतं आणि राहण्याचा परवाना त्या कोर्सवर असतो. हे टेबलावर कोण सांगतं?

दुसरी तक्रार भाषेची, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच अडतात.

कोर्स इंग्रजीत असतो, हे खरं. पण बांधकामाचा धंदा जर्मनमध्ये चालतो. मानकं जर्मनमध्ये, निविदेची कागदपत्रं जर्मनमध्ये, नगरपालिकेचा पत्रव्यवहार जर्मनमध्ये. आयटीतल्या मुलाचं इंग्रजीवर निभावून जाईल, साइटवर निभत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी एका जुन्या लाकडी चौकटीच्या घराच्या दुरुस्तीवर विद्यार्थी कामगार म्हणून होते. मंगळवारी सकाळी साइटवर बैठक व्हायची. सुतार, गिलावेवाला, नळवाला, इंजिनिअर आणि पोलिअर, म्हणजे आपल्याकडचा मुकादम, सगळे चिखल लागलेल्या बुटांनी एका फळीभोवती उभे. पोलिअरने तुळईत ओलावा मोजायच्या यंत्राच्या दोन सुया खुपसल्या, आकडा बघितला आणि अस्सल श्वेबियन बोलीत काहीतरी भराभर बोलला. लाकडात 20 टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर आतून उष्णतारोधक पाटी आणि मातीचा गिलावा चढवायचा नाही, लाकूड आतल्या आत कुजेल, असं तो सांगत होता. विषय माझ्या तोंडपाठ होता. त्यावर मी पेपर लिहिला होता. मी बी-2 पर्यंत, म्हणजे बऱ्यापैकी वरच्या पातळीपर्यंत, जर्मनही शिकले आहे. तरी त्या क्षणी त्याचं बोलणं मला तुकड्यातुकड्यानेच कळलं, आणि मापाच्या वहीत आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा हे शेजारच्या शिकाऊ पोराला विचारावं लागलं. दोन महिन्यांनी कान बसला. मी बी-2 वर असताना हे, तर ज्याला तुम्ही ‘भाषेची गरज नाही’ म्हणून पाठवता त्याला त्या फळीभोवती उभंच कोण करेल?

म्हणून आमच्या विषयातली कितीतरी मुलं गोदामात खोकी उचलतात, जेवण पोचवतात. कुठलंही काम हलकं नाही, पण त्यासाठी बाप जमीन तारण ठेवत नसतो.

तिसरी तक्रार पैशाची. ‘फी शून्य’ हे अर्धवट सांगणं आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, सहामाहीचं वर्गणीवजा शुल्क असतं. पण बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये 2017 च्या हिवाळी सेमेस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सहामाहीला 1500 युरो भरावे लागतात. मी ते भरते. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही 2024 च्या हिवाळी सेमेस्टरपासून आमच्यासारख्यांना शुल्क लावलं आहे आणि मास्टर्सला ते सहामाहीला 4000 ते 6000 युरो आहे. हे जाहीर नियम आहेत, कुणालाही वाचता येतात.

याहून गंभीर गोष्ट अशी की शून्य फीचं पत्रक दाखवून तुम्ही मुलांना खासगी संस्थांकडे वळवता. ‘सरकारीला चान्स कमी, इथे ॲडमिशन पक्की’ असं म्हणत वर्षाला दहा-बारा हजार युरो घेणाऱ्या संस्थेचा फॉर्म पुढे येतो. त्यामागचं कारण तुम्हाला माहीत आहे आणि पालकांना माहीत नाही. खासगी संस्था प्रत्येक प्रवेशामागे कमिशन देते, सरकारी विद्यापीठ देत नाही. तुमचं समुपदेशन ‘मोफत’ असतं, कारण त्याचे पैसे दुसरीकडून येतात. धंदा करा, त्याला कुणाची हरकत नाही. पण सल्ला देणाऱ्याला कुठल्या बाजूने पैसे मिळतात हे सल्ला घेणाऱ्याला कळलंच पाहिजे. जमिनीच्या व्यवहारातही दलाल कुणाचा आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. काही संस्थांचा कोर्स तर बराचसा ऑनलाइन चालतो, आणि तसं असेल तर विद्यार्थी म्हणून राहण्याचा परवानाच धोक्यात येतो.

व्हिसासाठी बंद खात्यात, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, वर्षाचे 11,904 युरो आधी भरून ठेवावे लागतात, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. त्यातून महिन्याला 992 युरो हातात येतात. माझे निम्म्याहून जास्त खोलीच्या भाड्यात जातात, 140 युरोंच्या वर आरोग्य विम्यात. ‘शिकता शिकता कमवा’ म्हणता, तर त्याची मर्यादाही सांगा : आमच्यासारख्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस, एवढंच काम करता येतं. सेमेस्टर सुरू असताना प्रकल्प, प्रयोगशाळा, परीक्षा सांभाळून तेवढंही जमत नाही. कर्जाचा हप्ता इथल्या पार्टटाइममधून फिटेल, असं गणित मांडून दाखवणाऱ्याने ते एकदा स्वतःच्या सहीनिशी लिहून द्यावं.

‘कोर्स संपताच नोकरी आणि पीआर’ ही चौथी गोष्ट. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, तेही आपल्या खर्चाने. कायमच्या वास्तव्याचा परवाना, म्हणजेच पीआर, ही त्यानंतरची पायरी आहे. जर्मनीत पदवी घेतलेल्याला त्यासाठी पदवीला साजेशी दोन वर्षांची नोकरी, निवृत्तिवेतनाचे 24 महिन्यांचे हप्ते आणि किमान बी-1 जर्मन दाखवावं लागतं. ‘संपताच’ या शब्दाला काहीही आधार नाही. आर्किटेक्चर केलेल्या मुलांना तर तुम्ही आणखी एक गोष्ट सांगत नाही. जर्मनीत आर्किटेक्ट हे नाव लावायला राज्याच्या आर्किटेक्ट चेंबरच्या यादीत यावं लागतं, त्यासाठी वास्तुकलेचं पुरेसं शिक्षण आणि वर प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. शाश्वत बांधकामाची मास्टर्स एकटी तिथवर पोचवत नाही. आणि बाजाराचं म्हणाल तर 2022 नंतर व्याजदर चढले तशी इथली घरबांधणी मंदावली. सरकारचं उद्दिष्ट वर्षाला 4 लाख घरांचं होतं, 2024 मध्ये अडीच लाखांच्या आसपासच पूर्ण झाली. कामं आहेत ती मुख्यतः जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची आणि तिथेच जर्मन सगळ्यात जास्त लागतं.

पाचवी तक्रार माझी स्वतःची. मी तुमच्यापैकी एका केंद्राची ग्राहक होते, त्याचं नाव इथे लिहिणार नाही. माझं उद्देशपत्र, तुम्ही ज्याला एसओपी म्हणता ते, त्यांनी लिहून दिलं. त्यात लिहिलं होतं : ‘समुद्रकिनाऱ्यावरच्या माझ्या गावात लहानपणापासून मला निसर्गाची ओढ होती.’ औशाहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. दुसऱ्या कुणाचं तरी पत्र नाव बदलून माझ्या हाती दिलं होतं. किल्लारी, माळवद, स्लॅबची रात्र, मला हा विषय का शिकायचा आहे यातलं काहीच त्यांनी मला विचारलं नव्हतं. मी ते बाजूला ठेवून स्वतः लिहिलं. इंग्रजी साधंच होतं. इथे आल्यावर प्रवेश समितीतल्या प्राध्यापकांनी मला सांगितलं की भारतातून येणाऱ्या अर्जांत एकाच साच्याची पत्रं इतकी असतात की पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतात, आणि मग खरा अर्जसुद्धा संशयाने वाचला जातो. म्हणजे तुमच्या साच्याची किंमत प्रामाणिकपणे लिहिणारी मुलंही मोजतात.

शेवटचं गाऱ्हाणं विषयाच्या गाभ्याचं आहे. ते कदाचित तुम्हाला तुमच्या कामाचं वाटणार नाही, पण माझ्या लेखी सगळ्यात मोठं आहे.

इथे जे शिकवतात ते थंड देशासाठी आहे. डार्मश्टाटमध्ये 1991 साली पहिलं पॅसिव्ह हाउस उभं राहिलं. घर तापवायला दर चौरस मीटरला वर्षाला 15 किलोवॉट-तासांहून जास्त ऊर्जा लागू नये, हा त्या विचाराचा कणा. सगळा अभ्यास आतली ऊब बाहेर जाऊ नये याभोवती फिरतो. बाष्परोधक पडदा भिंतीच्या आतल्या बाजूने लावायचा, कारण हिवाळ्यात उबदार दमट हवा आत असते. मुंबईतल्या एसीच्या खोलीला तोच पडदा आतून लावला तर घोटाळा होईल, कारण तिथे दमट हवा बाहेर आहे. उन्हाळ्यातल्या तापमानापासून बचाव हा इथे एक छोटा धडा असतो, आमच्याकडे तो अख्खा अभ्यासक्रम व्हायला हवा. म्हणून इथे शिकायला येणाऱ्याने आपल्याकडची हवा, आपली माती, आपले माल डोक्यात घेऊन यावं लागतं आणि प्रत्येक सूत्र उलटून बघावं लागतं.

मातीच्या कार्यशाळेत हे मला फार जवळून दिसलं. ओल्या मातीचा मुठीएवढा गोळा करायचा आणि दीड मीटरवरून फरशीवर टाकायचा. फुटला तर चिकणमाती कमी, चपटा होऊन चिकटला तर ओल किंवा चिकणमाती जास्त. माझा गोळा थोडासाच चेपला, कडेला बारीक भेगा आल्या, आणि शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं की तुमच्याकडे कुठली माती वापरतात. मी म्हटलं, काळी माती भिंतीला घेत नाहीत, ती फुगते आणि सुकली की भेगाळते, घराला पांढरी लागते. हे मला आजीने सांगितलेलं होतं. बाईंनी ते फळ्यावर लिहून घेतलं आणि माझा प्रबंध त्यावरच सुरू झाला : पांढऱ्या मातीच्या विटा, चुन्याचं प्रमाण, आणि भूकंपासाठी भिंतीत घालायचे आडवे पट्टे. जे मूल स्वतःच्या गावचं घर बघून आलेलं असतं, त्याला हा विषय भरभरून देतो. पण तुम्ही ‘डिमांड’ बघून मुलं भरता, त्यामुळे वर्गात भारतीय पुष्कळ असतात आणि भारताच्या उन्हाळ्यावर काम करणारी दोन-तीनच.

आणि ज्यांना परवडत नाही, ज्यांचं मन नाही, त्यांना देशातले रस्ते का दाखवत नाही? अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात इमारतींच्या ऊर्जेवर मास्टर्स आहे. विजयवाड्याच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये शाश्वत वास्तुकलेची आहे. मातीचं बांधकाम हाताने शिकायचं तर ऑरोव्हिलची अर्थ इन्स्टिट्यूट आहे. आपल्या वर्ध्यात सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने ग्रामीण घरांसाठी माती आणि बांबूवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि तिथून जवळच सेवाग्रामला 1930 च्या दशकातली बापूकुटी आजही उभी आहे, मे महिन्यात आत जाऊन बसा म्हणजे कळेल. परदेशीच जायचं तर दोन वर्षं नोकरी केलेल्यांसाठी डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेची ईपॉस शिष्यवृत्ती आहे, तिच्या अर्जाला कुणाच्या मध्यस्थीची गरज पडत नाही. यातल्या एकाही रस्त्यावर तुम्हाला कमिशन नाही. म्हणून ते पत्रकावर येत नाहीत, असं म्हटलं तर तुम्हाला राग येईल. दुसरं कारण असेल तर जाहीर सांगा, मी ऐकायला तयार आहे.

तुमच्यात प्रामाणिक माणसं आहेत, हेही मला माहीत आहे. लातुरात एका सरांनी माझ्या मैत्रिणीला ‘हा कोर्स तुझ्यासाठी नाही’ असं सांगून घरी पाठवलं आणि एक रुपया घेतला नाही. अशांनी या पत्राला पाठिंबा द्यावा, कारण बाकीच्यांमुळे त्यांचंही नाव खराब होतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक पैसा घेण्याआधी पालकांना लेखी द्या की कोणत्या संस्थेकडून तुम्हाला कमिशन मिळतं आणि कोणत्या नाही. आकडा सांगणार नसाल तर निदान हो किंवा नाही लिहा.

त्या कोर्सची विषयपुस्तिका, जिला इथे मोडुलहान्डबुख म्हणतात, मुलाच्या हातात द्या आणि प्रवेशाच्या अटी त्याच्यासमोर बसून वाचा. ती फुकट मिळते. ती न वाचता अर्ज भरू नका.

बांधकामाच्या कोर्सला जाणाऱ्या मुलाने निघण्यापूर्वी बी-1 पर्यंत जर्मन करावं, असं स्पष्ट सांगा. ‘भाषेची गरज नाही’ हे वाक्य पत्रकावरून काढा. ‘हमखास’, ‘पक्की’, ‘संपताच’ हे शब्दही काढा.

उद्देशपत्र लिहून देणं बंद करा. मुलाला प्रश्न विचारा, व्याकरण तपासा, तेवढं पुरे आहे.

तुमच्या चुकीने, म्हणजे अटी न बघता अर्ज भरल्याने नकार आला, तर तुमची फी आणि वाया गेलेलं अर्जशुल्क परत करा. ही अट करारात छापा.

आणि एक मागणी तुमच्यामार्फत सरकारकडे. नोकरीसाठी माणसं परदेशी पाठवणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. शिक्षणासाठी पाठवणाऱ्याला त्या कायद्याने ती लागत नाही. पंजाबने 2012 च्या कायद्याने अशा केंद्रांना परवाना सक्तीचा केला. महाराष्ट्रातही नोंदणी, तक्रारीची ठरलेली जागा आणि कमिशन उघड करण्याचं बंधन हवं. ही मागणी तुम्हीच पुढे होऊन करा. तुमचा व्यवहार स्वच्छ असेल तर नोंदणीने तुमचं काही बिघडत नाही.

माझ्यासारख्या इथे शिकणाऱ्या काही मराठी मुलामुलींनी ठरवलं आहे की या विषयाला येऊ पाहणाऱ्या कुणालाही आम्ही विनामूल्य माहिती देऊ : फीचे नियम, प्रवेशाच्या अटी, खोलीचं भाडं, नकाराची कारणं, सगळं. तुमच्या केंद्रात आम्हाला बोलावलंत तर व्हिडिओवर येऊन तुमच्यासमोरच सांगू. या पत्रातला एखादा नियम किंवा आकडा चुकीचा वाटत असेल तर पुरावा द्या, मी तो जाहीरपणे दुरुस्त करेन. बाकी मागण्यांवर तुमचं उत्तर लेखी यावं, एवढी अपेक्षा आहे.

कळावे.

आपली,
शाश्वत बांधकाम शिकणारी, औसा तालुक्यातली एक विद्यार्थिनी